सत्तावीसवर मंगल

मी लेखिका नाही, हे आधी सांगून टाकते. साताऱ्यातल्या मुलींच्या एका शाळेत आयुष्यभर मराठी शिकवले, दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा केल्या, समासात ‘पाल्हाळ टाळा’ असे लिहीत राहिले. आणि आता केस पांढरे झाल्यावर स्वतःच पाल्हाळ लावायला बसले आहे. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या हाती हा मजकूर पडला, तर तिने खुशाल हसावे. तेवढा तिचा हक्क आहे. इतर वाचकांची मात्र क्षमा मागते, कारण विषयही माझ्या वयाच्या बाईने संकोचावे असाच आहे. विषय मत्सराचा आहे, आणि तो मत्सर एका आकड्याचा आहे.

हे सारे वर आले ते वासामुळे. सांगलीजवळच्या या गावात फाल्गुन लागला की हळद शिजू लागते. पूर्वी मोठमोठ्या काहिलींत शिजत असे. आता वाफेचे कुकर शेताच्या बांधापर्यंत येतात. पण वास तोच राहिला आहे. ओली माती, कच्चे आले आणि किंचित कडवट ऊब यांचा मिळून झालेला. तो पडद्यांत शिरतो, उशीत शिरतो, चहाच्या पहिल्या घोटातही असतो. माझे बालपण आणि नोकरी साताऱ्यात गेली. तिथे या दिवसांना उत्तरपत्रिकांचा वास असे, आणि व्हरांड्यात डोळे मिटून, मागेपुढे डोलत पाठांतर करणाऱ्या मुलींचा गुणगुणता आवाज. मीही तशीच पाठ करणारी. मला पाढे, श्लोक, सनावळ्या, सारे कानाने येते. डोळ्यांनी काही लक्षात ठेवता येते, हे मला उतारवयात आमच्या यांच्याकडून कळले.

यांचे नाव मी लिहिणार नाही. तोंडाने कधी घेतले नाही, ते लेखणीने घेण्याचे धाडस होत नाही. हे आटपाडीकडचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. हे फौजेत गेले, निवृत्त झाले, आणि ज्या माणसाने बालपणी पाण्याच्या एका हंड्यासाठी उन्हात रांग धरली होती, त्याने कृष्णेच्या पाण्यावर थोडीशी जमीन घेऊन हळद लावली. पाटाला पाणी आले की हे अजूनही नुसते बघत उभे राहतात.

काही वर्षांपूर्वी, अशाच हंगामाच्या तोंडावर, यांनी सांगलीत स्मरणशक्तीचा वर्ग लावला. वर्ग स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी होता. त्या पोरांच्या मागच्या बाकावर हे ताठ पाठीने बसत. कारण मला ठाऊक होते, त्यावर आम्ही बोलत नसू. माझे सासरे शेवटच्या काळात यांना यांच्या मेलेल्या काकांच्या नावाने हाक मारत. हे ‘ओ’ देत असत. दुरुस्त करत नसत. सासरे गेल्यानंतर हे एकदाच म्हणाले होते, “आपलं असं झालं तर कसं गं?” मी विषय बदलला होता.

वर्गातल्या सरांची रीत अशी. शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत दोन-दोन आकड्यांच्या शंभर जोड्या होतात. प्रत्येक जोडीला ओळखीचे एक माणूस द्यायचे. मग कुठलाही मोठा आकडा आला की त्याची माणसे करायची आणि ती एखाद्या पायाखालच्या वाटेवर ओळीने उभी करायची. मोबाईलचा क्रमांक म्हणजे पाच माणसे, पाच जागा. मनातल्या मनात त्या वाटेने चालत गेले की झाले. अट एकच: माणूस काहीतरी अचाट करताना दिसला पाहिजे. शांत बसलेला माणूस डोक्यात राहत नाही, असे सरांचे मत.

शंभरांतली जमली तेवढी माणसे यांनी त्या हंगामात पाठ केली. शिजलेली हळद अंगणात ताडपत्रीवर वाळत पडलेली असे आणि हे दाताळ्याने ती खालीवर करत मोठ्याने घोकत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत. बाहेर दाताळ्याचा खर्र-खर्र आवाज, आणि त्या तालावर एकेक माणूस येई. “अकरा, बापू पैलवान, उंदराला भिऊन तालमीच्या खांबावर! चौदा, पलटणीच्या लंगरचा कुक, बर्फात अनवाणी! एकोणीस, पोस्टमन, बैलावर उलटा!” मी हसू आवरत भाकरी थापत असे. आमच्या संसारात यांच्या तोंडून इतके शब्द मी क्वचितच ऐकले होते. आणि मग एका सकाळी, आवाजात एक वेगळेच हसू घेऊन, शब्द आले:

“सत्तावीस, मंगल, एडक्यावर!”

माझी भाकरी तव्यावर फुगायची थांबली, असे मी वर्गातल्या मुलीला लिहू दिले नसते. पण तसे वाटले खरे.

“मंगल म्हणजे कोण?” मी खिडकीतून विचारले.

“मंगल. मामाची.”

मामाची मुलगी म्हणजे कोण, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मंगलच्या घरी कधी रीतसर बोलणी झाली नव्हती; कारण ती करावी लागतील इतके अंतरच त्या दोन घरांत नव्हते. ती याच घरात येणार, हे सगळ्यांनी धरलेले होते. पुढे मामींनी हट्ट धरला की फौजेतल्या पोराला पोरगी द्यायची नाही, आणि मंगलला वडूजला दिले. मग साताऱ्याची शिकलेली मुलगी, म्हणजे मी, या घरात आले. हे मला लग्नानंतर लगेचच कळले होते, आणि मी ते नीट घडी घालून ठेवून दिले होते. आता त्या घडीतून ती एडक्यावर बसून बाहेर आली.

“एडक्यावर म्हणजे?”

“आगं, आटपाडीच्या बाजारात एडका सुटला. ही त्याच्या म्होरं गेली धरायला, तर पडली ती थेट त्याच्या पाठीवर. शिंगं काय सोडंना! आख्खा बाजार फिरवून आणली त्यानं. लय हसलो आमी.” सांगताना यांचे डोळे ओले झाले होते. हसण्याने, असे मी धरून चालते.

“आणि मी कितव्या आकड्यावर आहे?”

दाताळे थांबले. हे वळून माझ्याकडे बघत राहिले. हाती दिलेला नकाशा चुकीच्या मुलखाचा निघावा, तसे.

“तू न्हाईस की त्यात.”

“शंभरांत नाही?”

“सर म्हणले, माणूस काय तरी इपरीत करताना दिसला पायजे. तू कवा काय केलंयस इपरीत?” आणि मग, माझी समजूत काढण्याच्या स्वरात, “तू निस्ती बरी हायस.”

निस्ती बरी. आयुष्यभर मी विशेषणे शिकवली. हे विशेषण मला कुठल्याही पुस्तकात सापडले नव्हते.

त्या दिवसापासून सत्तावीस माझ्या मागे लागला. एसटीच्या पाटीवर सत्तावीस, दिनदर्शिकेच्या चौकटीत सत्तावीस, देवळाच्या देणगी-फलकावर सत्तावीस. शाळेत घोकलेला सत्तावीसचा पाढा तोंडात आला की पहिल्याच पायरीवर ती शिंगे धरून बसलेली. मी तिला त्या वयात पाहिलेले नव्हते, तरी तिची वेणी मला दिसे, परकराचा रंग दिसे. आकडे चित्रांनी लक्षात ठेवण्याची ती विद्या यांनी वर्ग लावून, घोकून मिळवली. मला मात्र ती एका सकाळीच, मत्सराने, फुकट शिकवली.

याहून वाईट पुढे होते. एके दिवशी हे मोठ्या उत्साहाने खिडकीपाशी आले. “बघ, तुझा मोबाईल नंबर न बघता सांगतो.” डोळे मिटले. वाट आटपाडीची होती, माझ्या घराची नाही, हेही तेव्हाच कळले. विहिरीवर एक माणूस, बाभळीखाली दुसरा, शाळेच्या भिंतीवर तिसरा, मामाच्या दारात चौथा. “आन् रानात, वाघरीपाशी,” म्हणजे मेंढरे कोंडण्याच्या जाळीपाशी, “मंगल, एडक्यावर! झाला की तुझा नंबर!”

माझ्या क्रमांकाच्या शेवटी सत्तावीस आहे. हे मी इतकी वर्षे पाहत होते आणि पाहिले नव्हते. म्हणजे या माणसाला परमुलखातून मला हाक मारायची झाली, तर आधी मामाचे दार ओलांडून रानात जावे लागणार, आणि तिथे मंगलला भेटून मगच माझ्यापर्यंत यावे लागणार.

मी सांगलीला जाऊन मोबाईलच्या दुकानात उभी राहिले होते, हे आजवर कोणाला सांगितलेले नाही. “नंबर बदलून हवा आहे,” म्हणाले. दुकानदाराने विचारले, “कोण त्रास देतंय का मावशी?” मी थोडा विचार केला, “तसे नाही,” म्हटले, आणि सुयांचे एक पाकीट घेऊन परत आले.

मग मी विपरीत काहीतरी करण्याचा प्रयत्न केला. हसू नका. एका दुपारी कपाटातली यांची फौजेची टोपी डोक्यावर चढवली आणि चहा घेऊन अंगणात गेले. शेजारच्या शेवंताकाकू हळद निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात वरच्या वर राहिला. यांनी कप घेतला, एक घोट प्याले आणि म्हणाले, “टोपी धुवायला काढलीस व्हय? बरं केलंस.” मी आत आले, टोपी खरोखरच धुतली आणि वाळत घातली. माझे बंड दोरीवर, चिमट्याला लटकत होते.

त्याच हंगामात वडूजला एक लग्न निघाले. मंडपाच्या कडेला खुर्चीवर एक स्थूल बाई गुडघे चोळत बसली होती. मला पाहताच तिने शेजारची खुर्ची पदराने झाडली. “आवं वैनी, या की हितं! मी मंगल. तुमी साताऱ्याच्या बाई न्हवं? लय शिकल्याल्या!” आवाज असा, की बँडवाल्याने वळून पाहावे. मी बसले. इकडचे तिकडचे झाल्यावर मला राहवले नाही; मी एडक्याचे विचारले.

“आगं बया! कुणी सांगितलं? तुमच्या मालकानं?” ती खदखदून हसली, मग एकाएकी थांबली. “हासायला समदी हुती बगा. सोडवायला कोण आलं न्हाई. माजा नवा परकर फाटला, घरी आयनं हाणलं ते येगळंच. आन् तुमचं मालक? त्येबी दात काढत हुभं हुतं.”

माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर तिला तिथेच मंगलची कणव आली असती. मलाही आली, पण मत्सराच्या शेजारी पाट मांडून बसली, त्याला उठवून नव्हे. कारण हसताना त्या थोराड चेहऱ्यावर मला ती बाजारातली पोर क्षणभर स्पष्ट दिसली, आणि कळले, की सरांचे खरे आहे. ही बाई विसरता येण्यासारखी नाही. निघताना तिने माझ्या पिशवीत मटकी घातली. “आमच्या रानातली हाय, वैनी. मोड काडून खावा.” ती मटकी मी फडताळात वरच्या फळीवर ठेवली आणि कधी शिजवली नाही. तिला किडे लागले, तेव्हा दुःख झाल्याचे आठवत नाही.

पुढे हळद वाळली, पॉलिशचे पिंप आले. ट्रॅक्टरला जोडलेले ते पिंप फिरू लागले की त्यातून पिवळी धूळ उडते, आणि अंगण, गुलमोहर, कुत्रे, माणसे, सगळे लग्नघरासारखे होऊन जाते. पिंपातून काढलेल्या हळकुंडांचा मोठा ढीग लागला होता. पलीकडच्या बायकांना चहा द्यायचा म्हणून मी किटली घेऊन ढिगाच्या कडेने निघाले. गुळगुळीत हळकुंडे पायाखाली गोट्यांसारखी सरकली. पुढचे मला माझ्या बाजूने एवढेच सांगता येते, की आकाश दिसले, आणि चहा सांडता कामा नये, हा एकच विचार मनात होता. ढिगावर बसूनच मी खालपर्यंत घसरत आले, हळकुंडांची एक छोटी दरड सोबत घेऊन. उजव्या हातात किटली, थेट वर, निशाणासारखी. एक थेंब सांडला नाही.

मी केसांपासून पायांपर्यंत पिवळी. मग शेवंताकाकूंचा आवाज फुटला, “आगं बया! बाईंचं पुन्यांदा लगीन लागलं गं! नवरदेवाला बलवा कोण तरी!”

नवरदेव ट्रॅक्टरपाशी होते. त्यांनी पोट धरले, वाकले, आणि शेवटी एका पोत्यावर बसून घेतले. मला उठवायला कोणी आले नाही. तेव्हा मला मंगलची आठवण झाली, आणि मी तिच्याइतके मोठ्याने नाही, पण हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खर्र-खर्र सुरू झाले. मी कणीक तिंबत होते. ऐंशी आले, एक्याऐंशी आले. “ब्याऐंशी, मास्तरीण, हळदीवरनं घसरली, किटली वर!”

त्या वेळी मला जे वाटले, ते नोकरीत मिळालेल्या कुठल्याही सत्काराने वाटले नव्हते. पण मत्सर हा मोठा चौकस प्राणी. दुपारपर्यंत त्याने चौकशी केली. ब्याऐंशीवर आधी कोण होते? “कोण न्हवतं. ती जागा मोकळीच हुती.” म्हणजे कोणाला हटवून मला घेतलेले नव्हते. आणि ब्याऐंशी लागतो कुठे? यांच्या पेन्शनच्या खात्यात नाही, गाडीच्या पाटीवर नाही, बाहेरगावी असलेल्या आमच्या मुलाच्या क्रमांकात नाही. मंगल रोज कामाला जाते आणि मी घरी बसून असते, असा तो संसार. मी रस्त्याने जाताना ब्याऐंशी शोधू लागले. एकदा विट्याच्या गाडीवर दिसला. ती धूळ उडवत निघून गेली, तरी मी बघत राहिले.

माझे म्हणाल, तर मला शांत माणसेच लक्षात राहतात. यांचे मला काय आठवते? सकाळी घोंगडीची फौजी घडी, चारही कोपरे जुळलेली. ताटातली शेवटची भाकरी मोडण्याआधी माझ्याकडे टाकलेली एक नजर, उरली आहे ना, अशी. यातले काही विपरीत नाही. सरांच्या रीतीने यातले काहीच राहायला नको होते.

यंदाही हळद शिजली. वास आला, ताडपत्री पसरली गेली, खर्र-खर्र सुरू झाले. माणसे मात्र आली नाहीत. हे घोकत नाहीत, एवढेच पहिल्यांदा जाणवले. छंद सुटतात, असे मी मनाला सांगितले.

गेल्या आठवड्यात हे सांगलीला हळदीचा सौदा बघायला गेले. फोन घरीच, चार्जिंगला. आजवर फोन घरी राहिला, की हे कोणाच्याही फोनवरून मला कळवत. क्रमांक तोंडपाठच होता. त्या दिवशी जेवणवेळ टळली, ऊन कलले, फोन नाही. आले ते दिवेलागणीला. पाणी दिले. म्हणाले, “एकानं फोन दिला हुता हातात. नंबर लावाय लागलो. मामाच्या दारापतुर आलो बघ. म्होरं वाघरीपाशी कोण हुभं हाय, तेच दिसंना.”

मी उंबऱ्यात उभी होते. जिला त्या रानातून घालवायला मी मोबाईलच्या दुकानापर्यंत गेले होते, ती आता आपोआप गेली होती.

“एडका आठवतो का?” मी विचारले.

“कसला एडका?”

“आटपाडीच्या बाजारातला. सुटलेला.”

यांनी मान हलवली. सासरे काकांच्या नावाने हाक मारत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशीच एक सभ्य, परक्याची नजर असे.

मग मी जे केले, ते शेवंताकाकूंनी कुंपणापलीकडून पाहिले आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. मी पदर खोचला, अंगणात उतरले, दोन्ही मुठींत नसलेली शिंगे धरली आणि गुडघे वाकवून वाळत्या हळदीभोवती धावू लागले. “ही अशी पडली! शिंगे सोडेना! बाजारभर फिरली! परकर फाटला!” सातारच्या शाळेतली मराठीची शिक्षिका, उडत, धापा टाकत, स्वतःच्या सवतीचे सोंग घेऊन.

हे आधी नुसते बघत होते. मग ओठांची कड हलली. मग खांदे. “मंगल!” हे म्हणाले. “मंगल की! सत्तावीस!” आणि हसता हसता डोळे पुसू लागले. ते मंगलला हसले की मला, हे मला कळले नाही. यांनी दाताळे उचलले, मी ताट वाढायला आत आले.

त्यानंतर रोज सकाळी चहा देताना मी सहज विचारल्यासारखे विचारते, “सत्तावीस?” हे म्हणतात, “मंगल.” कधी पटकन, कधी थांबून. यांच्या डोक्यात मंगल टिकून राहावी, असे मला आयुष्यात प्रथमच मनापासून वाटते आहे. आणि ती टिकली की अजूनही आत कुठेतरी जळते, हेही खरे आहे. पण दुसरा प्रश्न, ब्याऐंशीचा, मी रोज कपबशीबरोबर परत घेऊन येते. उत्तर बरोबर आले, तर पुढच्या हंगामापर्यंत मला काही नको. आणि हे दाताळे थांबवून म्हणाले, “ती जागा मोकळीच हाय की,” तर?

तुम्ही माझ्या जागी असतात, तर विचारले असतेत का?